लाल डबीतले जव

मॅडम, तुमच्या दहाव्याला जव विकत आणावे लागले.

भटजी फोनवर यादी सांगत होते. काळे तीळ, दर्भ, तांदूळ, तूप, जव. तुमचा भाचा निखिल लिहून घेत होता. लिहिता लिहिता थांबला आणि मला म्हणाला, "रंजनाताई, जव म्हणजे बार्लीच ना? मग ते कशाला आणायचे? मावशीच्या घरात तेवढंच तर आहे." आणि त्याचा हात भिंतीवरच्या मांडणीकडे गेला, जिथे तुमच्या सतरा डब्या ओळीने उभ्या आहेत. मी एवढ्या मोठ्याने "नाही" म्हणाले की शेजारच्या काकू दार उघडून बघायला आल्या. बिचारा निखिल. बंगळूरहून रातोरात आलेला, डोळे सुजलेले, आणि वर माझं हे ओरडणं. मी त्याला सॉरी म्हटलं, चप्पल घातली आणि तळ्यावरून चालत बाजारात गेले. पूजेच्या सामानाच्या दुकानात दुकानदाराने विचारलं, "किती देऊ?" मी म्हटलं, "मूठभर." आणि तिथेच, अगरबत्तीच्या पुड्यांसमोर, मला रडू फुटलं. तो दिवसभरात चारदा असं रडणारं माणूस बघत असणार. त्याने पुडी बांधली.

त्या मुठीचंच तुम्हाला सांगायचं आहे. तुम्ही असताना सांगायचं होतं. इतकी वर्षं रोज सांगायचं होतं आणि रोज उद्यावर टाकलं.

पण आधी थोडं तुमच्याशी बोलू द्या. अकरा दिवसांत तुमच्याशी कुणी भांडलं नसेल, तुम्हाला करमत नसणार.

मी प्रयोगशाळेत आले ती बाटल्या धुवायला. बारावी झालेली, लग्न होऊन वर्ष झालेलं, सासर उलव्याकडचं. आमची खारजमीन नव्या विमानतळासाठी जायची बोलणी चाललेली आणि घरात सगळ्यांनी नोकऱ्या शोधायचं ठरलेलं. धान्य तपासायची ती चार खोल्यांची जागा, एसटी स्टँडच्या मागे. गहू, तांदूळ, डाळी यांचे नमुने यायचे, ते तुम्ही तपासायचात. पण दुपारी तीननंतर तुम्ही तुमच्या कोपऱ्यात जायचात आणि जवाच्या डब्या उघडायचात. ते काम कुणी सांगितलेलं नव्हतं. कुणी विचारतही नव्हतं. शिपाई म्हणायचा, "बाईंचं येड सुरू झालं."

पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला त्या कोपऱ्यात बोलावलंत. टेबलावर पांढऱ्या फरशीचा फुटका तुकडा, अर्धं ब्लेड आणि आयोडीनची थेंब पाडायची बाटली. तुम्ही जवाचा एक दाणा आडवा कापलात, कापलेल्या तोंडावर थेंब सोडलात. दाणा निळाकाळा झाला. मग दुसऱ्या डबीतला दाणा घेतलात. तसाच कापलात, तसाच थेंब सोडलात. तो तांबूस झाला, ओल्या काताच्या रंगाचा.

"मॅडम, ह्यो लाल का झाला?" मी विचारलं. तेव्हा मी अशीच बोलायचे आणि तुम्ही कधी सुधारलं नाहीत.

तुम्ही खुर्ची ओढून मला बसवलंत. बाटल्या धुणारीला त्या जागेत कुणी पहिल्यांदाच बसायला सांगितलं होतं. म्हणालात, दाण्यातल्या पिठात जो स्टार्च असतो तो दोन जातींचा. अमायलोज म्हणजे सरळ धागा. अमायलोपेक्टिन म्हणजे फांद्या फुटलेलं झाड. सरळ धाग्याची गुंडाळी होते, त्या गुंडाळीत आयोडीन शिरून बसतं आणि निळं दिसतं. नेहमीच्या जवात सरळ धागा साधारण चौथा हिस्सा असतो. या दुसऱ्या दाण्यात तो जवळजवळ नाहीच, सगळं झाडच झाड. म्हणून निळा होत नाही.

"मग याचा उपयोग काय?"

"ते तू मला सांगायचंस. भाकऱ्या तू थापतेस, मी नाही."

मी उठताना दाण्याचे अर्धे तुकडे फडक्याने पुसून टाकणार होते. तुम्ही माझा हात धरलात. थेंब लावलेला अर्धा टाक म्हणालात, पण दुसऱ्या अर्ध्यात कोंब आहे, तो टाकायचा नाही. ओल्या कापसावर ठेवलात. चौथ्या दिवशी त्या अर्ध्या दाण्याला हिरवी सुई फुटली होती. अर्धा दाणा तपासायला, अर्धा पेरायला. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "बरा हाय, पगार पन असाच अर्धा नको देऊ म्हनाव त्यांना." मी तुम्हाला दुसऱ्या दिवशी हे सांगितलं आणि तुम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात.

त्या लाल होणाऱ्या जवाच्या डबीवर ओळखण्यासाठी मी माझं लाल नेलपॉलिश लावलं. तेव्हापासून ती लाल डबी. एका डबीत सरळ धागा नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त होता, तिला निळी पट्टी. बाकी डब्यांनाही त्यांचे त्यांचे आकडे होते, पण आपली भांडणं या दोघींवरूनच व्हायची.

तुमची जिद्द एकच. भाकरी सकाळी जशी मऊ असते तशी संध्याकाळी का राहत नाही? गार झाली की सरळ धागे एकमेकांना चिकटून कडक होतात, म्हणून. मग ज्या जवात सरळ धागा नाही त्याची भाकरी मऊ राहिली पाहिजे. डोंगरातल्या एका गावात ती तशी मऊ राहत होती, तुम्ही स्वतः खाल्ली होतीत. हिमालयात कुठेतरी फिरायला गेला होतात, एका म्हातारीने तुम्हाला आदल्या दिवशीची भाकरी दिली आणि ती ताजी आहे असं तुम्हाला वाटलं. लोक तिथून शाली आणतात. तुम्ही रुमालात बांधून बिनसालीचे जव आणलेत. दोन वर्षांनी तुम्ही पुन्हा पत्र टाकलंत तर उत्तर आलं की म्हातारी गेली, मुलांनी त्या शेतात वाटाणा लावला, ते बी आता कुणाकडे नाही. म्हणजे जगात होतं ते तुमच्या लाल डबीत. निदान तुम्हाला आणि मला माहीत असलेल्या जगात.

आणि मी म्हणायचे, मॅडम, मऊ राहील हो, पण थापणार कशी? चिकट पीठ हाताला सोडत नाही. तुम्ही म्हणायचात, निळ्या डबीतलं पीठ मिसळ. मी म्हणायचे, उकड काढू द्या, आम्ही तांदळाची काढतो तशी. तुम्ही म्हणायचात, ती लबाडी झाली. उकड काढल्यावर कुठलंही पीठ थापता येतं, मग डबीचं कौतुक ते काय राहिलं? एवढ्यावरून आपण दोघी किती दुपारी वाया घालवल्या! वाया कसल्या म्हणा. माझ्या आयुष्यातल्या त्याच दुपारी मला पूर्ण आठवतात.

तुमचा एक नियम मात्र भांडणाच्या पलीकडचा होता. नोंदवहीत ज्याने काम केलं त्यानेच लिहायचं, स्वतःच्या अक्षरात, आणि सही करायची. बाटली मी फोडली तर मी लिहायचं. थर्मामीटर तुमच्या हातून फुटला तर तुम्ही लिहायचात. पहिल्यांदा माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात "दोन फ्लास्क फुटले, हात साबणाचे होते" असं लिहून मी सही केली, तेव्हा मला वाटलं आता नोकरी जाणार. तुम्ही वाचलंत आणि म्हणालात, "कारण लिहिलंस ते फार चांगलं केलंस." बस. मला अजून तो दिवस लख्ख आठवतो. माझी चूक पाहून कुणी मला चांगलं म्हणालं, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

म्हणून तर पुढे जे केलं ते मला इतकं जड गेलं.

ते नवरात्राच्या आदल्या दिवशीचं. आमच्याकडे घट बसतो. परडीत माती, मधे कलश, मातीत सात धान्यं. नऊ दिवसांत ती किती उंच येतात यावरून घरातली बायकामाणसं वर्षाचा अंदाज बांधतात. त्याच्या आदल्या वर्षी आमचे जव उगवलेच नव्हते, आणि योगायोग म्हणा, त्या वर्षी सासरे पडले, जमीन गेली, माझं पहिलं मूल पोटातच गेलं. सासूबाई कुणाला बोलल्या नाहीत. पण त्या सकाळी मी निघताना दारात आल्या आणि म्हणाल्या, "रंजे, येताना चांगला धान्य आन. मागच्या साली घट उगवला नाय न् घरान काय काय झाला ते तुना ठाव हाय."

मला कारण ठाऊक होतं. तुमच्याकडेच शिकले होते. बाजारातले जव छडलेले असतात, साल काढताना कोंबही निघून जातो. ते कितीही भिजवा, कुजतील, उगवणार नाहीत. पण हे मी सासूबाईंना काय सांगू? देवीच्या घटाला स्टार्चचं गणित? शिवाय खरं सांगते मॅडम, मलाही भीती वाटत होती. मला पुन्हा दिवस राहिले होते. दोन महिने. तुम्हालाही अजून सांगितलं नव्हतं.

तुम्ही जेवायला गेला होतात. मी मांडणीसमोर उभी राहिले. लाल नेलपॉलिशच्या तेव्हा दोन डब्या होत्या, एक पुढे, एक मागे. मला वाटलं, पुढची घेतली तरी मागची आहे. झाकण काढलं, मूठभर दाणे रुमालात घेतले आणि डबी परत ठेवली. पुढच्या डबीत चमचाभर उरले. मागची डबी उन्हाळ्यातच रिकामी झाली होती, तुम्ही त्यातल्या दाण्यांचा स्टार्च काढला होतात, हे मला ठाऊक नव्हतं. त्या आठवड्यात मी सुट्टीवर होते. का, ते आता तुम्हाला कळलंच असेल.

चौथ्या माळेला तुम्ही डबी उघडलीत. तुमचा आवाज अजून कानात आहे, अजिबात चढलेला नव्हता. "रंजना, लाल डबीत इतके कमी कसे?"

मी म्हणाले, "उंदीर असतील, मॅडम."

उंदीर! झाकण लावलेल्या पत्र्याच्या डबीत! झाकण काढून, खाऊन, परत झाकण लावून जाणारा उंदीर! पण तोंडातून गेलं ते गेलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, डबीकडे बघितलंत, आणि म्हणालात, "असतील." दोन दिवसांनी मला एक पाकीट पोस्टात टाकायला दिलंत, त्या डोंगरातल्या पत्त्यावरचं. म्हणालात, "बी माझ्या ताब्यात होतं आणि मी ते नीट राखलं नाही. त्यांना कळवायला हवं." मी ते पाकीट घेऊन पोस्टाच्या पेटीपाशी किती वेळ उभी होते ते मला माहीत. तुमची नसलेली चूक मी माझ्या हाताने पेटीत टाकली.

आमचा घट मात्र काय उगवला म्हणून सांगू! बाकी धान्यांच्या वर चार बोटं तो जव. सासूबाईंनी अख्ख्या आळीला बोलावून दाखवला. मी पाया पडताना देवीकडे न बघता त्या पात्यांकडे बघत होते.

दसऱ्याला चार पाती देवीला, चार टोपीत, आणि बाकी परडी नदीत सोडायची. मी म्हटलं, आई, मी सोडून येते. खालच्या दाराने बाहेर पडले आणि मागच्या जिन्याने गच्चीवर गेले. बांधकामावरून आणलेले रंगाचे रिकामे डबे होते, त्यांत माती भरली आणि एक एक रोप लावलं. तिसऱ्या दिवशी सासूबाई पापड वाळत घालायला वर आल्या.

"ह्यो काय गं?"

"आपला घट हाय, आई."

"नदीन सोरला नाय?"

त्यांनी कमरेवर हात ठेवून ते डबे पाहिले. मग म्हणाल्या, "देवीचाच हाय ना? वाढू दे मग. पन चिमन्या ठेवनार नाय, सांगतंय." आणि स्वतःच खाली जाऊन सासऱ्यांचं जुनं मासळीचं जाळं घेऊन आल्या. पुढचे पाच महिने आम्ही दोघींनी ते जव राखले. मी पोट सांभाळत पाणी घालायचे, त्या खुर्ची टाकून चिमण्या हाकलायच्या. का राखतोय हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

गंमत बघा, त्याच थंडीत तुम्ही मला दहा वेळा सांगितलंत की हे बी पनवेलच्या हवेत येणार नाही. उरलेले चमचाभर पेरायची तुमची छाती होत नव्हती, गेले तर सगळंच जाईल म्हणून. आणि मी तुमच्यासमोर "हो मॅडम" म्हणत मान हलवायचे, तेव्हा आमच्या गच्चीवर त्याला लोंब्या धरत होत्या. एवढा मोठा वाद मी जिंकत होते आणि तोंड उघडता येत नव्हतं!

शिमग्याच्या आसपास लोंब्या पिवळ्या झाल्या. प्रत्येक लोंबीतला एक दाणा कापून मी थेंब लावला. निळा झाला तर ती लोंबी बाजूला, लाल झाला तर ठेवायची. तुम्ही शिकवलं तसंच. दोन मुठी भरल्या. एका सकाळी तुमच्या आधी येऊन ते दाणे लाल डबीत ओतले, झाकण लावलं आणि बाटल्या धुवायला बसले. तुम्ही डबी कधी उघडलीत ते मला कळलं नाही. तुम्ही काहीच बोलला नाहीत. मी वाट बघितली, आठवडा, महिना. मग माझी मुलगी झाली, तिच्या बारशाला तुम्ही आलात, सासूबाईंशी गप्पा मारल्यात. ती गोष्ट तशीच राहिली.

फक्त एक झालं. पुढच्या नवरात्राच्या आदल्या दिवशी तुम्ही माझ्या हातात कागदाची पुडी दिलीत. "हे घे, घटाला. शेतातले अख्खे जव आहेत. दुकानातले छडलेले असतात." मी पुडी घेतली आणि वर बघायची माझी हिंमत झाली नाही. त्यानंतर दर वर्षी पुडी मिळाली. प्रयोगशाळा बंद झाली, तुम्ही डब्या घरी आणल्यात, मी दुसरीकडे नोकरी धरली आणि रविवारी तुमच्याकडे येत राहिले, तरी पुडी चुकली नाही. आणि दर दसऱ्यानंतर तुमचा एकच प्रश्न. "घट उगवला का ग?" मी म्हणायचे, "हो मॅडम, छान उगवला." तुम्ही "बरं" म्हणायचात आणि थोडं थांबायचात. मला वाटायचं, म्हातारपणाने थांबतात.

तुम्ही मला काय दिलंत ते मोजायला बसले तर हा कागद पुरायचा नाही. बाटल्या धुणारीला तुम्ही पदवीचे फॉर्म भरायला लावलेत. माझ्या आईच्या साखरेसाठी निळ्या डबीतले जव पेरून वाढवलेत आणि त्यांचं पीठ दिलंत, ते हळू पचतं म्हणून, आणि आईने ते "कडू औषध बरं" म्हणत खाल्लं. माझी मुलगी आज बीएस्सीला आहे आणि प्रॅक्टिकलच्या वहीत कारणं लिहिते. कुणी तुमचं नाव मोठं केलं नाही. तुम्हाला त्याची पडलेली नव्हती. तुम्ही एका दाण्याकडे अशा बघायचात, की बघणाऱ्याला आपणही बघण्यासारखे आहोत असं वाटायचं.

गेल्या महिन्यात तुम्ही शेवटी हार मानलीत. म्हणालात, काढ बाई तुझी उकड. लाल डबीतले दोन भाग, निळ्या डबीतला एक. निळ्याचं पीठ उकळत्या पाण्यातही लवकर फुगत नव्हतं, लालचं लगेच गोळा होत होतं, आणि दोन्ही मिळून अशी काही उकड झाली की भाकरी हातावर नाचली. सकाळी अकराला भाजली. संध्याकाळी सहाला तुम्ही तुकडा मोडलात. मऊ. तुम्ही चावत राहिलात, डोळे मिटून. मला वाटलं आता म्हणाल, रंजना, जिंकलीस. तुम्ही म्हणालात, "उकडीमुळे की डबीमुळे, हे अजून सिद्ध झालेलं नाही. पुढच्या रविवारी बिनउकडीची करून बघू." त्या रविवारी तुम्ही दवाखान्यात होतात.

आता आजचं सांगते. उद्या तेरावा. परवा शेतकी कॉलेजातल्या एक बाई येणार आहेत, डब्या घेऊन जायला. निखिलने त्यांना शोधून काढलं, गुणी आहे तो. पण त्या म्हणाल्या, प्रत्येक डबीचं मूळ लेखी हवं. बी कुठून आलं, कुणी दिलं, मधे काय झालं. त्याशिवाय ते बी त्यांच्या कामाचं नाही. निखिल म्हणाला, "रंजनाताई, यातलं मला काही कळत नाही. तुम्हीच बघा." आणि कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली.

कपाटात तुमची मूळवही आहे हे मला माहीत होतं. ती तुम्ही कुणाला हात लावू द्यायचा नाहीत. एका डबीला एक पान. मी सकाळपासून ती मांडीवर घेऊन बसले होते. म्हटलं, आता दोनच रस्ते. गप्प बसले तर लाल डबी डोंगरातली म्हणून जाईल, तुमच्या नावावर, आणि तुमच्या नावाखाली माझं खोटं कायमचं राहील. खरं सांगितलं तर त्या बाई म्हणतील, गच्चीवरचं, घटातलं, काय काय मिसळलेलं असेल, हे नको. मग तुमची सगळ्यात लाडकी डबी माझ्यामुळे मागे राहील.

शेवटी लाल डबीचं पान उघडलं.

पहिली ओळ डोंगरातल्या गावाची, म्हातारीचं नाव, तुमची सही. दुसरी ओळ: "नवरात्र, चौथी माळ. मूठभर दाणे कमी." पुढे 'कारण' असं घर आहे. ते कोरं. मी दोनदा बघितलं. उंदीर असं कुठेही लिहिलेलं नाही. सहीचं घरही कोरं.

तिसरी ओळ: "फाल्गुन. दाणे परत आले, दोन मुठी. शंभर दाणे तपासले, सगळे तांबूस. पनवेलच्या हवेत वाढलेले दिसतात, माझा अंदाज चुकला. सोबत एक गहू." आणि खाली पारदर्शक चिकटपट्टीने डकवलेला गव्हाचा एक दाणा. माझ्या घटातला गहू, मॅडम. मी एवढं निवडलं आणि तो राहिलाच. पुढे कारणाचं घर कोरं, सहीचं घर कोरं.

मी सगळी वही चाळली. सतरा पानांत तुमची सही नाही अशा या दोनच ओळी. ज्याने केलं त्यानेच लिहायचं. तुम्ही वीस वर्षं ती दोन घरं माझ्यासाठी मोकळी ठेवलीत. मला एकदाही बोलला नाहीत, कुणाजवळ बोलला नाहीत, स्वतः भरूनही टाकली नाहीत. दर वर्षी फक्त विचारलंत आणि थोडं थांबलात.

मी खूप रडले. मग तोंड धुतलं, तुमचं पेन घेतलं. दुसऱ्या ओळीत कारण लिहिलं: "उंदीर नव्हता. सासरच्या घटासाठी मी न विचारता घेतले, आणि विचारल्यावर खोटं सांगितलं." सही केली. तिसऱ्या ओळीत लिहिलं: "घटातली रोपं गच्चीवर रंगाच्या डब्यांत वाढवली. दर लोंबीचा एक दाणा तपासला. राखायला सासूबाई होत्या. गहू माझ्या नजरेतून सुटला." सही केली. अक्षर अजून तसंच वाकडं आहे. परवा बाई येतील तेव्हा हेच पान आधी उघडून देईन. त्यांनी डबी नेली तर नेली. नाही नेली तर आमची गच्ची आहे, जाळं अजून सासूबाईंनी जपून ठेवलंय.

शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली, तुम्ही ठेवायचात तशी.

या दसऱ्यानंतर मला कुणी विचारणार नाही. म्हणून आजच सांगते. घट उगवला होता, मॅडम. तुमच्या दाण्यांचा उगवला होता.